गावदेवी ट्रस्टची नवी विश्वस्त

धरमतर खाडीकाठच्या एका गावात गावदेवी ट्रस्टचे विश्वस्त दत्तात्रेय वारले, तेव्हा रिकाम्या जागेसाठी काशीबाईने आपलं नाव दिलं. मिठागरावर जाणाऱ्या बाया तान्ही पोरं देवळाच्या पडवीत म्हाताऱ्यांच्या नजरेखाली ठेवून जात. मागच्या वर्षी विश्वस्तांनी पडवीला जाळी मारली, कुलूप लावलं. बायांना कुणी विचारलंसुद्धा नाही. ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

ट्रस्टचे अध्यक्ष कमळाकर तिचे चुलत दीर.

"वहिनी, ट्रस्टच्या घटनेत बाई बसत नाय," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या वेळेपासून असंच हाय."

"घटना वाचलीत काय भावजी?"

"वाचायला हाय कुठं? पुराच्या पाण्यात गेली."

काशीबाई पेणला दिपिका वकिलीणबाईंकडे गेली.

"मावशी, नोंदणी करताना घटनेची प्रत अलिबागच्या धर्मादाय कार्यालयात द्यावी लागते," दिपिका म्हणाली. "तिची नक्कल मागू या."

तीन आठवड्यांनी अलिबागहून शिक्क्याची नक्कल आली. गावच्या सभेत काशीबाईने ती कमळाकरांच्याच हातात ठेवली.

"तुमीच वाचा भावजी. मला अक्षर लागत नाय."

कमळाकरांनी चष्मा लावला. "विश्वस्त होण्यास गावात राहणारी, अठरा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती पात्र राहील." खाली त्यांच्या वडिलांची सही होती. त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. आता हे कागद भिरकावतील, असं काशीबाईला वाटलं.

"बापानं कुणाला वगळलं नव्हतं," कमळाकर हळू आवाजात म्हणाले. "आमीच वगळलं." मग त्यांनी स्वतःच काशीबाईचं नाव सुचवलं. आधी बायांचे हात वर गेले, मागाहून पुरुषांचे.

नव्या विश्वस्ताची नोंद व्हावी म्हणून दिपिकाने धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल केला. सुनावणीला कमळाकर काशीबाईबरोबर एसटीने अलिबागला गेले. तिथल्या साहेबांनी कुणाची हरकत आहे का, ते विचारलं.

"नाय साहेब. नाव मीच सुचवलंय."

अर्ज मंजूर झाला. पुढच्या बैठकीत पडवीचं कुलूप काढायचा ठराव एकमताने झाला. सगळे उठू लागले, तशी काशीबाई म्हणाली, "थांबा. यापुढं बैठक सकाळची नको. बाया मिठागरावर असतात, त्यांना येता येत नाय. दिवेलागणीला ठेवा."

कमळाकरांनी इतिवृत्ताची वही पुन्हा उघडली आणि तेही लिहून घेतलं.