सरदाराची माफी

चष्मेवालीने खेचर वाचवलं आणि सरदाराचा उजवा हात गेला, तिथून सगळं बिनसलं. खेचर कागदावरचं, सरदार कागदावरचा, हातही कागदावरचाच. पण चार शहाणीसुरती माणसं नऊ वर्षं दर रविवारी दुपारी एका टेबलाभोवती बसून त्या कागदांत जीव ओतत असतील, तर असा हात गेल्यावरही दुखायचं ते दुखतंच. ज्यांना हे हास्यास्पद वाटतं त्यांनी खुशाल हसावं.

चष्मेवाली म्हणजे बाजारातल्या एका चिंचोळ्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी, चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, फटकळ बाई. बुवा लिफ्ट दुरुस्त करायचा. साधूपणाचा त्याच्यात लवलेश नव्हता. ऐन पंचविशीत टक्कल पडलं आणि दोस्तांनी त्याचा बुवा करून टाकला. दोघं शाळेपासूनचे. सख्खी भावंडं भांडतील तशी भांडायची आणि तितक्याच लवकर विसरायची. तिसरा नकाशे. हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचा, त्यामुळे भुयारं आणि तळघरं त्याच्या हाताला आयतीच सवयीची. चौथी त्याची बायको. ती बेकरीत केकवर नावं लिहायची आणि तिला सगळेच वहिनी म्हणायचे.

खेळ नकाशेच्या जेवणाच्या टेबलावर चालायचा. नकाशे गोष्ट सांगणार: "समोर दरी आहे, पूल कुजलाय, पलीकडे धूर दिसतोय. काय करता?" बाकीच्या तिघांनी आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. बुवाचा सरदार तलवारबहाद्दर आणि अव्वल बढाईखोर. चष्मेवालीची वैदीण झाडपाल्याची जाणकार, जिभेला धार. वहिनीची चोरटी कुठलंही कुलूप उघडायची आणि आत गेल्यावर आपण कशाला आलो ते विसरायची. नऊ वर्षांत तिघांनी तीन राज्यं पालथी घातली होती आणि प्रत्येक दिवसाचा वृत्तांत नकाशेने वहीत लिहून ठेवला होता.

त्या रविवारी गुहेचं छत कोसळलं. सरदाराचा हात दगडाखाली चिरडला, आणि अन्न, दोर, मशाली वाहणारं खेचर रक्ताच्या थारोळ्यात पडलं. वैदिणीकडे औषधाचा एकच घोट उरला होता.

"खेचराला पाजते," चष्मेवाली म्हणाली.

बुवाला वाटलं ती चेष्टा करतेय. "अगं, उजवा हात आहे. तलवारीचा."

"हाताशिवाय तू जगशील. खेचराशिवाय आपण कोणीच बाहेर पडणार नाही. डाव्या हाताने शिक."

ती बरोबर होती, हीच तर पंचाईत. बुवाने फासा हातात घट्ट धरला आणि त्याचं टक्कल लालबुंद झालं. मग तो जे बोलला त्याचा खेळाशी काही संबंध नव्हता.

"तू नेहमी हेच करतेस. माझी आई सकाळी गेली. तुला सकाळीच कळवलं होतं. तू संध्याकाळी आलीस, दुकान बंद झाल्यावर. तेव्हाही असाच हिशेब केला असशील."

त्यावर तिने खरं ते सांगायला हवं होतं. बुवाच्या आईच्या हातचं खाऊन ती लहानाची मोठी झाली होती, आणि त्या बाईला निश्चल पडलेलं बघायची हिंमत तिला होईना. दिवसभर ती कोणाच्याही नसलेल्या काचा घासत बसली होती. हे तिने दोन वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी तिच्या तोंडून काय निघालं? "खेळ आहे बुवा. रडीचा डाव खेळू नकोस."

बुवाने फासे डबीत भरले, आपल्या पात्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि निघून गेला. चहा तसाच राहिला.

आता या टेबलाचे दोन नियम सांगायला हवेत. कोणी गैरहजर राहिलं तर त्याचं पात्र त्याच्या डाव्या हाताला बसणाऱ्याने चालवायचं. आणि शेजाऱ्याने भलतंसलतं केलं तर परत आल्यावर गैरहजर माणसाला त्यातली एक गोष्ट, फक्त एकच, वृत्तांतातून खोडता येते. खोडली की ती घडलीच नाही. एकदा वहिनी तापाने आजारी असताना बुवाने तिच्या चोरटीचं एका राक्षसाशी लग्न लावून दिलं होतं. वहिनी बरी होऊन आली ती पेन उघडूनच. गैरहजर माणसासाठी म्हणून नकाशे वृत्तांताची एक प्रत दर सोमवारी त्याच्या दारातल्या टपालपेटीत टाकून येई.

बुवाच्या डाव्या हाताला चष्मेवाली बसायची.

पहिल्या रविवारी तो आला नाही, तेव्हा तिने सरदाराला नीट चालवलं, अगदी जपून. फोन करावा असं मनात दहादा आलं. पण उठून गेला तो, तेव्हा त्याने करावा, असं म्हणून ती अडून बसली. दुसऱ्या रविवारी तिचा पारा चढलेला होता. तिने सरदाराकडून सगळ्यांचं सामान वाहून घेतलं. तिसऱ्या रविवारी तर कहरच केला. बुवाचा घोगरा, छाती फुगवून काढलेला आवाज ती हुबेहूब काढायची. त्या आवाजात तिने सरदाराला वैदिणीपुढे गुडघे टेकायला लावले आणि म्हणवून घेतलं, "माझं चुकलं, वैदीणबाई. माझ्यापेक्षा खेचराचा जीव मोलाचा."

नकाशे हसून हसून बेजार झाला. वहिनी थोडंसंच हसली आणि म्हणाली, "पुरे हं आता. त्याला फोन कर."

"करेल तो," चष्मेवाली म्हणाली.

शुक्रवारी बुवा गेला. एका इमारतीतली लिफ्ट बंद पडली होती, तो खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन आठव्या मजल्याकडे जिना चढत निघाला आणि सहाव्यावर बसला तो उठलाच नाही. जन्मभर दुसऱ्यांचे जिने वाचवणारा माणूस जिन्यातच गेला. दैवाला असले विनोद सुचतात आणि ते त्याला करावेसे वाटतात, याचा राग येतो.

या वेळी चष्मेवाली निरोप मिळाल्या मिळाल्या दुकान उघडं टाकून धावली. सगळ्यांच्या आधी पोचली. शेवटपर्यंत थांबली, लोकांना पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या, खुर्च्या आवरल्या. रडू मात्र आलं नाही. डोक्यात एकच भुंगा होता: आपल्यावरचा राग मनात घेऊन तो गेला का? ती तिसऱ्या रविवारची प्रत त्याने वाचली का? वाचली असेल तर तिने त्याच्या आवाजात त्याचीच टर उडवली, हे वाचून तो गेला. दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नव्हती.

बारा-तेरा दिवसांनी बुवाची थोरली बहीण दुकानात आली. सगळे तिला अक्का म्हणत. तिने काउंटरवर एक कापडी पिशवी ठेवली. "त्याच्या टेबलावर होतं हे. तुमच्या खेळाचंच असेल. मला बाई त्यातलं काही कळत नाही."

आत फाशांची डबी होती, घडी घातलेला कागद होता, आणि वृत्तांताच्या तीन प्रती. चष्मेवालीने अक्कांना बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्याउभ्या वाचू लागली. पहिल्या प्रतीवर काही खूण नव्हती. दुसरीवरही नाही, सामान वाहिल्याचं त्याने चालवून घेतलं होतं. तिसरीत लाल पेन्सिलीने एकच ओळ खोडलेली होती, गुडघे टेकल्याची आणि माफीची. बाजूला समासात बुवाचं वेडंवाकडं अक्षर:

"ही तोतयाने मागितलेली माफी रद्द. माझी माफी मी रविवारी स्वतः येऊन मागेन, आईचं मधे आणायला नको होतं. गुडघे मात्र टेकणार नाही. जिने चढून दुखतात."

"काय लिहिलंय गं?" अक्कांनी विचारलं.

"रविवारी येतो म्हणून लिहिलंय, अक्का."

"हो, म्हणत होता तसं. सदरा पण इस्त्री करून ठेवला होता."

राग नव्हता. पंधरवडाभर जे कळायला हवं होतं ते कळलं, आणि कळल्यावर आधीपेक्षा वाईट झालं. चूक तिची, आणि माफी मागायला निघाला होता तो. तिने एक फोन केला असता तर तिसऱ्याच रविवारी तो समोर बसलेला असता. चष्मा काढून तिने काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या, आणि अक्कांना रिक्षापर्यंत सोडून आली.

रविवारी ती नकाशेच्या घरी गेली तेव्हा टेबलावर काहीच मांडलेलं नव्हतं. खेळायचा विचार कोणाच्या मनात नव्हता. तिने प्रत नकाशेपुढे ठेवली. त्याने वाचली, वहिनीकडे सरकवली, नाक शिंकरलं. मग वही आणून त्याने तिसऱ्या रविवारची ती ओळ पट्टी लावून खोडली, कचेरीत खोडतो तशी सरळ.

"म्हणजे माफी झालीच नाही," तो म्हणाला. "सरदार आणि वैदीण अजून अबोल्यातच आहेत."

"मग मांड," चष्मेवाली म्हणाली.

"आज?"

"आज. मला वैदिणीच्या तोंडून बोलायचंय. माझ्या तोंडून मला जमणार नाही."

नकाशेने बायकोकडे पाहिलं. वहिनीने मान हलवली आणि रिकाम्या खुर्चीपुढे बुवाचा कागद उलगडून ठेवला. नकाशेने घसा साफ केला. "गुहेचं तोंड. बाहेर उजेड आहे. शेकोटी विझत आलीय. सरदार एका बाजूला चिरडलेला हात फडक्यात बांधून बसलाय. वैदीण दुसऱ्या बाजूला. काय करता?"

"वैदीण उठते," चष्मेवाली म्हणाली. "त्याच्याजवळ जाऊन बसते. म्हणते, सरदार, त्या दिवशी मी हिशेब केला नव्हता. मी घाबरले होते. तुझ्या आईला तसं बघायला मी घाबरले होते. ती मला ताटात वाढून जेवेपर्यंत समोर बसायची. मी दिवसभर दुकानात कुलूप लावून आत बसले होते रे. तुला वाटलं मी गिऱ्हाईक करत होते. मी तुला सांगायला हवं होतं आणि मी म्हटलं, रडीचा डाव. माझं चुकलं. खेचराचं बरोबर होतं, पण बाकी सगळं चुकलं."

नकाशेचं पेन थांबलं होतं. सरदाराची आई या गोष्टीत कधीच आली नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं. नऊ वर्षांच्या सवयीने मात्र त्याच्या तोंडून पुढचा प्रश्न गेलाच.

"सरदार काय म्हणतो?"

विचारलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं, कारण नियमाप्रमाणे उत्तर द्यायचं होतं चष्मेवालीनेच. तिने तोंड उघडलं. तो आवाज तिच्या गळ्यात तयार होता, घोगरा, छाती फुगवलेला. बुवा नेमकं काय म्हणाला असता, कुठे थांबला असता, खेचरावरून शेवटचा टोमणा कसा मारला असता, सगळं तिला शब्दन् शब्द माहीत होतं.

"मी बोलू का त्याच्याऐवजी?" वहिनीने हळूच विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तो काय म्हणेल ते मला माहीत आहे. पण ते त्याचं त्याने म्हणायचं होतं. तसं लिहून दिलंय त्याने."

नकाशेने पेन खाली ठेवलं. आणि इतके दिवस न फुटलेलं रडू तिला त्या टेबलाशी फुटलं, लहान मुलासारखं, नाकातोंडातून, मोठ्याने. वहिनीने तिला जवळ घेतलं. तिघांपैकी कोणीही वही मिटायला पुढे झालं नाही.