ओल्या बोटाची वाट

मी एक जुना टॅब आहे, आणि माझी हकिकत ऐकून तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. मित्रांनो, एकदा पोटभर चार्जिंग झालं की मी बारा दिवस चालत असे. माझा उजेड असा, की वर्गातली माणसं डोळ्यांवर हात धरून बसत! आता मी कपाटाच्या खालच्या फळीवर पडून आहे. शेजारी एक निळी वही असते. तिच्या नादी लागू नका, फार रुक्ष आहे ती.

मी आलो तो मोठ्या माणसांच्या शाळेत. कामाच्या दुपारच्या सुट्टीत तिथे वर्ग भरत. मला कसं वापरायचं ते शिक्षिकांना शिकवायला एक साहेब आले. तासाभरात त्यांनी नव्वद चित्रं दाखवली, चहा घेतला आणि गेले. मी दोन महिने खोक्यातच राहिलो.

मग मोठ्या बाईंनी गुरुवारची बैठक सुरू केली. चार शिक्षिका, एक टेबल आणि ही निळी वही. प्रत्येकीने आपल्या वर्गातली एक अडचण आणायची, आठवडाभर वर्गातच तिचं उत्तर शोधायचं, आणि वहीत फक्त डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं.

धाकट्या बाईंच्या वर्गात एक गवंडीकाका होते. शेजारच्या इमारतीवर त्यांचं काम चालू होतं. महिन्याभरात ते संपणार आणि काका दुसऱ्या गावी जाणार. त्याआधी दूर राहणाऱ्या लेकीला त्यांना स्वतःच्या हाताने एक निरोप पाठवायचा होता. जन्मभर त्यांचे निरोप दुसऱ्यांनीच लिहिले होते.

पण काकांनी बोट लावलं की माझा पडदा ढिम्म.

"घाबरू नका काका," बाई म्हणायच्या.

"मी कशाला घाबरू? तुमची ही पाटीच मला घाबरते!"

गुरुवारी बाई बैठकीत म्हणाल्या, "काका पडद्याला घाबरतात. त्यांची भीती कशी घालवू?"

"भीती दिसली का तुला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही... मला वाटलं."

"मग वाटलेलं घरी ठेव. दिसलेलं आण."

पुढचे चार दिवस धाकट्या बाई एक शब्दही न शिकवता काकांजवळ नुसत्या बसून राहिल्या. सात वेळा बोट टेकलं, सातही वेळा अक्षर उमटलं नाही. बाईंनी स्वतःचं बोट टेकवलं, लगेच उमटलं. तेव्हा त्यांनी काकांचा हात हातात घेऊन नीट पाहिला. सिमेंटने खाल्लेली बोटं. कोरडी, फरशीसारखी टणक. मला त्यांचा स्पर्श कळतच नव्हता! बाईंनी वाटीत पाणी आणलं, काकांचं बोट त्यात बुडवलं आणि पदराने हलकेच टिपलं.

"आता लावा."

अक्षर उमटलं. काका एवढ्या मोठ्याने हसले, की मागच्या बाकावरची धोबीणमावशी दचकली.

शेवटच्या दिवशी काकांनी लिहिलं, 'मी बाबा. स्वतः लिहितोय.'

तिकडून उत्तर आलं, 'कोणाकडून लिहून घेतलंत?'

काकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी पुन्हा बोट ओलं केलं आणि सावकाश एकच शब्द लिहिला, 'ठमाकाकू'. लहानपणी लेक रुसली की ते तिला याच नावाने चिडवत. घराबाहेर हे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग उत्तर आलं, 'बाबा, तुम्हीच!' काकांनी ती दोन अक्षरं... बरं, दोन शब्द, मला छातीशी धरूनच पाच वेळा वाचले.

मित्रांनो, पुढे नवे टॅब आले. मऊ बोटांची माणसं आली. पण तसं खरखरीत, ओलं बोट मला पुन्हा लागलं नाही... म्हणजे, लागतं तर! काका अजून दर गुरुवारी येतात. कपाट उघडतात, माझ्यावरची धूळ पुसतात, वाटीत बोट बुडवतात. तुम्हीही जुन्या वस्तूंना असंच जपा. आता कालच्याच गुरुवारी काका मला म्हणाले...

"थापाड्या!" निळी वही कडाडली. "त्या दिवसानंतर काका आलेच नाहीत. आणि तू रोज कपाटाच्या दाराकडे बघत असतोस. मी दिसलेलंच सांगते."