सव्वा मूठ

"चंदन, गोल गोल सांगू नको. गणितवर घर चालस का?"

"चालस ना मामा. दहा महिना चालस, उन्हाळामा बंद पडस."

चंदन हसला, पण सुकदेव हसला नाही. चंदन त्याच्या बहिणीचा मुलगा. गणितात एम. एस्सी. झालेला, जळगावच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायचा. जितके तास, तितके पैसे. चांगल्या महिन्यात चौदा हजार हातात यायचे आणि त्यातले सहा हजार शिक्षणाच्या कर्जाला जायचे.

"अन् सुट्टीमा?"

"सुट्टीमा पगार नही. हप्ताले मातर सुट्टी नही."

सुकदेवला हेच ऐकायचं होतं. फोनवर माणूस खरं बोलत नाही म्हणून तो धुळ्याहून एसटीने आला होता. दिपमालाला, त्याच्या एकुलत्या एका मुलीला, पुण्याजवळच्या एका संस्थेत गणिताला जागा मिळाली होती. फी आणि वसतिगृह धरून चार लाखांचं कर्ज काढावं लागणार होतं. धुळ्याच्या देवपुरातल्या त्याच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानावर दोघांचं भागत होतं, शिल्लक काही पडत नव्हती.

आता नाही म्हणायला कारण मिळालं. त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

तो उठला तेव्हा चंदन दारापर्यंत आला. "मामा, एक सांगू? मी मार्कंसाठी शिकनु. तिनं तसं नही. ती माले फोन करीसन काहीतरी इचारस, अन् माले उत्तर येत नही. तिनं डोकं येगळं शे."

सुकदेव एसटी स्टँडकडे निघाला.

पारोळ्यापर्यंत तो एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. पुष्पाबाई, त्याची बायको, मागच्या आषाढात गेली. तेव्हापासून घरात भांडं वाजलं तर ते दिपमालाच्या हातून वाजायचं. ती क्लासला गेली की घर इतकं गप्प व्हायचं की तो दुकानात जाऊन नुसताच बसायचा, मोटार आलेली नसली तरी.

घरी आला तेव्हा दिपमाला कणीक मळत होती.

"काय म्हणाला दादा?"

त्याने सगळं सांगितलं. चौदा हजार, सहा हजार, उन्हाळा. चंदन शेवटी जे बोलला, ते सांगितलं नाही.

"तुझा हप्ता पावणेसात हजार बसेल," तो म्हणाला. "परवडायचं नाही, पोरी."

"माहितीये आबा. मी हिशोब केलाय." तिने मान वर केली नाही. "मी नाही जात. इथेच बी.एड. करते. कुठल्यातरी शाळेत लागेन. तुम्हाला गरम जेवण तरी मिळेल."

सुकदेवने पायातले जोडे काढले आणि तिथेच भिंतीला टेकून बसला. जे मागायला तो आला होता, ते तिने न मागता पुढे ठेवलं होतं. कणकेला पाणी जास्त झालं होतं तरी ती मळतच होती. पुष्पाबाईही रडू दाबायचं असलं की असंच काहीतरी मळत, घासत बसायची.

"दिपा."

"हं."

"बँकना हप्ता सात वरीसमा फिटस. तू मनासाठे, तुना बापसाठे घर बसनी, तं तो हप्ता कधी फिटाऊ?"

तिचे हात थांबले.

"चंदन म्हणत होता," तो म्हणाला, "तू विचारतेस ते त्याला येत नाही."

आठवड्याने बँकेतल्या साहेबांनी कर्जाचे कागद चाळले. "गणित? इंजिनिअरिंग असतं तर बरं झालं असतं, काका. नोकरीची खात्री असते."

"गणितच," सुकदेव म्हणाला आणि सहकर्जदार लिहिलं होतं तिथे सही केली. पेन दाबून धरल्यामुळे कागदाला खळगा पडला.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या शनिवारी कानबाईचे रोट, देवीच्या नैवेद्याच्या गव्हाच्या जाड पोळ्या. मागच्या वर्षी दुखवट्यामुळे झाले नव्हते. या वर्षी सुकदेवने गहू निवडला आणि पाटावर परात घेतली. घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू काढायचा. हे काम पुष्पाबाईचं होतं.

शेजारच्या इंदिराबाई अक्का दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, एकला माणूस, इतलं कसाले? पोर तं पुनाले गई."

"पोर गई अक्का. नाव तं आठेच, घरमाच शे."

त्याने स्वतःची सव्वा मूठ काढली. मग दिपमालाची. तिसऱ्यांदा हात आपोआप गव्हात गेला आणि मूठ भरली. ती मूठ त्याने थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग हळूहळू सैल सोडली.

रोटाचं पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं असतं आणि घरच्यांशिवाय कुणी खायचं नसतं. भाऊबंद सगळे सुरतेला. म्हणून तो रोज संध्याकाळी दोन रोट भाजायचा. कडा जळायच्या, मधे कच्चे राहायचे.

चौदसला तिचा फोन आला. मागे मुलींचा गलका होता.

"आबा, जेवलात?"

"जेवतोय."

"एकटेच?"

"तुझ्या वाटचा खातोय," तो म्हणाला. "उद्या पुनव आहे."

ती हसली. कुणीतरी तिला हाक मारली. "जा, जा," तो म्हणाला.

त्याचा स्वतःचा रोट खाऊन झाला होता. पोट भरलं होतं. त्याने ताट जवळ ओढलं, तिच्या वाटच्या रोटाचा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि सावकाश खायला लागला.