चार लाल ठिपके

व्हर्नाने पितळी पाटीवरचं वर केलेलं फडकं परत इतक्या जोरात खाली ओढलं की त्याची टाचणी उडून चिमुकल्या स्टेशनाच्या छपरावर पडली. वाचायचं ते वाचून झालं होतं. 'क्लेटन रुस्नाक यांनी १९७४ साली बनवलेली ध्वनियंत्रणा.'

आता दहा मिनिटांत तेच फडकं सगळ्यांदेखत उचललं जाणार होतं. पेनसिल्व्हेनियातल्या त्या अग्निशमन केंद्राच्या तळघरात रेल्वे क्लबाची माणसं दाटीवाटीने उभी होती. मधोमध टेबलावर त्यांनी रचलेला चिमुकला मुलूख होता. डोंगर, पूल, बोगदे, हातभर लांबीची कोळशाची गाडी. त्याला खेळणं म्हटलेलं इथे कुणाला खपत नसे. पहिल्या खुर्चीवर नवा टाय लावून तिचा नवरा क्लेटन बसला होता.

"मिसेस रुस्नाक, कॉफी संपत आली बरं का," क्लबाचा अध्यक्ष डेनी फर्लाँग जाता जाता म्हणाला.

"तुझे हात मोडलेत?"

डेनी हसला. तिला वाटलं, गरम किटली याच्याच डोक्यावर ओतावी.

पन्नास वर्षांपूर्वी ती रेडिओच्या कारखान्यात तारा जोडायची. तिचा बाप कोळशाच्या इंजिनावर फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारा. घरामागच्या चढणीवर इंजिन कसं धापा टाकतं, कुठे दम खातं, कुठे सुस्कारा सोडतं, हे तिने पाळण्यातच ऐकलं होतं. तो श्वास तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, उष्ट्या बशा बाजूला सारून, एका खोक्यात बसवला. क्लबात तेव्हा बायका घेत नसत. खोकं क्लेटनने नेलं. ते कुणाचं काम, हे कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पुढे लोकांनी विचारलं, तेव्हा तो नुसता हसला.

डेनीने बटण दाबलं. गाडी हलली. टेबलाखालच्या जुन्या स्पीकरमधून छक-छक यायची, ती आली नाही. आली एकसारखी फुसफुस, जात्यात दाणेच नसावेत तशी, पोकळ.

"टायर पंक्चर झाला रे!" मागून कुणीतरी ओरडलं. तळघर खदखदून हसलं.

"असं कसं? काल मी स्वतः साफ केलंय," डेनी कावराबावरा झाला. "इंजिनाच्या चाकाच्या आसावर तांब्याची चकती आहे ना, तिच्यावर लाल घाण चिकटली होती. पार खरवडून काढली."

व्हर्नाच्या हातातला कप टेबलावर आदळला.

घाण! ती नखांना लावायची लाली होती, तिची. चकती फिरायची, तिला टेकलेल्या तारेखाली लालीचा ठिपका आला की वीज तुटायची, फुसफुस थांबायची. एका फेऱ्यात चार वेळा. तोच इंजिनाचा श्वास.

सगळे क्लेटनकडे वळले.

"क्लेटन, काय होतं हो ते?"

"ते..." क्लेटनने टाय सैल केला. "खास प्रकारचं वार्निश असतं एक."

"वार्निश," व्हर्ना म्हणाली. फार हळू म्हणाली. डेनीच्या सुनेची नखं जांभळी होती. व्हर्नाने तिच्यापुढे हात पसरला. "बाटली आहे का गं जवळ?"

पोरीने पर्समधून बाटली काढली. व्हर्नाने ती क्लेटनच्या पुढ्यात ठेवली.

"घे. लाव तुझं वार्निश. लोक खोळंबलेत."

डेनीने इंजिन टॉवेलवर उलटं करून समोर आणलं. क्लेटनने ब्रश उघडला. उग्र वास पसरला. व्हर्ना हाताची घडी घालून उभी राहिली. चुकू दे. सगळ्यांसमोर चुकू दे एकदा. पन्नास वर्षं टाळ्या घेतल्यात, आता तोंडघशी पडू दे.

क्लेटनने चकती अंगठ्याने फिरवली. परत फिरवली. ब्रशच्या टोकावर जांभळा थेंब जमला, लोंबला, टॉवेलवर पडला. कुणी हसलं नाही.

"व्हर्ना, किती ठिपके?"

तो कुजबुजला नव्हता. मान वर करून, मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असं त्याने विचारलं होतं.

डेनीने क्लेटनकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे. एकेक करून सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"आणि कुठे कुठे ठेवले होतेस?" क्लेटनने पुन्हा तितक्याच मोठ्याने विचारलं. त्याचे कान लाल झाले होते. "मला कधी कळलंच नाही ते."

व्हर्नाने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. राग जागचा हलला नव्हता.

"चार," ती म्हणाली. "सरक तिकडे."