पहिल्या चौकटीतली रेघ

माझी चूक झाली ती एकेचाळिसाव्या तक्त्यात. बाईंनी ती लाल पेन्सिलीने गोल केली होती आणि शेजारी एवढंच लिहिलं होतं, 'हे कुठून आणलंस?'

बाई म्हणजे माझ्या कॉलेजातल्या इटालियनच्या बाई. आता निवृत्त झाल्यात, पण स्वस्थ बसवत नाही त्यांना. इटालियन क्रियापदांची एक वही तयार करतायत, मराठीतून शिकणाऱ्यांसाठी. शंभर क्रियापदं, प्रत्येकाला एक पान, पानावर सगळे काळ आणि सगळे अर्थ. इटालियन रूपं बाईंच्या अक्षरात, समोरच्या रकान्यात मराठी भरायचं काम माझं. 'तू काय, घरीच असतेस' असं न म्हणता काम देणारं माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं, म्हणून मी विचार न करता हो म्हटलं.

काम बसल्या बसल्या होईलसं वाटतं, तसं ते होत नाही. व्याकरणातला 'अर्थ' वेगळा. साधं विधान केलं की तो स्वार्थ. (वर्गात बाई म्हणायच्या, "इथे तरी बिनधास्त स्वार्थी व्हा.") हुकूम सोडला की आज्ञार्थ. आणि इटालियनमध्ये एक असा अर्थ आहे, की वाक्यात भीती, आशा किंवा शंका शिरली रे शिरली, की पुढचं क्रियापद आपलं रोजचं रूप टाकून दुसरंच घेतं. 'तेमो के कादा.' मला भीती वाटते, ती पडेल. आपण एवढा खटाटोप करत नाही. आपण सरळ ओरडतो, "पडशील!"

मी हे दिवसातून चाळीस वेळा ओरडते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दिवस भरायच्या आधीच आली, एवढीशी होती, म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. आता चांगली गुटगुटीत झालीय, पण माझ्या डोळ्यांना ती अजून त्या काचेच्या पेटीतलीच दिसते.

चूक मला कळली मंगळवारी. त्याच्या आदल्या दिवशी बालवाडीतल्या ताईंनी मला थांबवून घेतलं होतं. बसायला मुलांचीच खुर्ची होती, माझे गुडघे हनुवटीला लागत होते.

"हुशार आहे हो तुमची," ताई म्हणाल्या. "रंग, आकडे, सगळं येतं. पण विचारल्याशिवाय काही करत नाही. मी पाणी पिऊ? मी चप्पल काढू? परवा सगळी मुलं हसत होती, तर ही मला येऊन विचारते, मी हसू?"

मी हसले. ताई हसल्या नाहीत.

"आज ती शूच्या दारापाशी उभी राहून 'मी जाऊ?' विचारत होती. मी एकाचं नाक पुसत होते, मला ऐकूच आलं नाही. दार उघडं होतं हो." त्यांनी ओल्या चड्डीची पिशवी माझ्या हातात दिली. "पुढच्या आठवड्यात मुलं मोठ्या गटात जातील. तिथे चोवीस मुलं आणि मी एकटी. शुक्रवारपर्यंत बघते. नाहीतर अजून एक वर्ष छोट्या गटात राहू दे. बिघडलं काही नाही."

'बिघडलं काही नाही' असं लोक बिघडल्यावरच म्हणतात. घरी जाताना मुंगीने विचारलं, "आई, मी त्या फरशीवर पाय देऊ?" आणि मी म्हणाले, "दे, पण बघून." पुढच्या फरशीला पुन्हा तेच.

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, विचारते ते चांगलंच आहे की. न विचारता करणारी पोरं बघ जरा." मग माझा चेहरा पाहून त्याने विषय बदलला.

तर मंगळवारी मुंगीला बालवाडीत सोडून मी बाईंकडे गेले. बाईंच्या समोरच्या खोलीत एक लांब टेबल आहे. त्यावर पट्टी, खोडरबर, भिंग आणि कागदांची चळत. एकेचाळिसावा तक्ता वरच ठेवलेला होता. क्रियापद 'आन्दारे', म्हणजे जाणं.

"ही आज्ञार्थाची ओळ बघ," बाई म्हणाल्या. "सहा चौकटी आहेत. 'तू'ची बघ, वाई. जा. 'आपण'ची बघ, आन्दियामो. जाऊ या. सगळं बरोबर लिहिलंयस. पण पहिली चौकट बघ. 'मी'ची."

मी पाहिलं. बाईंनी तिथे रेघ मारली होती, पट्टी धरून, सरळ. इटालियनमध्ये माणूस स्वतःला हुकूम सोडू शकत नाही, म्हणून आज्ञार्थात ती चौकट रिकामीच असते. आणि त्या रेघेसमोर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'मी जाऊ?' प्रश्नचिन्हासकट.

"मी तिथे काही लिहिलंच नाहीये गं बाई," बाई म्हणाल्या. "तू रेघेचाही अर्थ लिहिलास?"

"चुकून झालं. खोडते."

"थांब, खोडू नकोस. कालपासून मी तेच बघतेय. तक्त्यात चुकलीस, पण मराठीत चुकलेली नाहीस. आपल्या व्याकरणात त्या जागी रूप आहे. मी जाऊ? मी येऊ? मी बसू? सगळ्यांना हुकूम सोडायला मिळतो आणि 'मी'च्या वाट्याला काय, तर परवानगी मागणं!" बाई एकदम खुशीत आल्या होत्या. "प्रस्तावनेत घालते मी हे."

मला काय झालं कोण जाणे, डोळे भरून आले.

"अगं ए, पेन्सिलीचं आहे ते, फिसकटेल!" बाईंनी तक्ता आधी उचलला आणि मग मला पाणी दिलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. फरशी, शूचं दार, शुक्रवार. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मला मुलं शिकवायची सवय. वाढवायची नाही. तेव्हा मी सल्ला देणार नाही." आणि एक कोरा तक्ता माझ्यापुढे सरकवला. "कालपासून तू तिला काय काय म्हणालीस ते योग्य चौकटीत भर."

मला वाटलं थट्टा करतायत. पण बाई चहा करायला आत गेल्या, म्हणून मी लिहायला लागले. पळू नको, चढू नको, ओढू नको, हात लावू नको. नकाराच्या आज्ञार्थाची चौकट भरून मजकूर समासात गेला. भविष्यकाळ: पडशील, लागेल, हरवशील, बुडशील. (बादलीत. तळाशी चार बोटं पाणी होतं.) संकेतार्थ: आता पडली असतीस तर? वर्तमानकाळात एकच, 'मी आहे ना इथे'. भूतकाळावर मी अडले. पेन्सिल नुसतीच धरून बसले.

बाईंनी कप ठेवला आणि भिंग न घेताच तक्ता वाचला. "भूतकाळ कोरा कसा?"

"पडलीच नाही ती कधी."

"कधीच नाही?"

"मी पडूच दिलं नाही."

माझंच वाक्य मला ऐकू आलं, आणि सुरुवातीला त्यात अभिमान होता हे कळून मला कानकोंडं झालं.

"मग आता ती विचारेल तेव्हा मी काय म्हणू?" मी विचारलं. "'जा' म्हटलं तर तो माझाच हुकूम. 'मला विचारू नको' म्हटलं तरी हुकूमच."

बाईंनी पट्टी पहिल्या चौकटीवर टेकवली. "रेघ मार."

"म्हणजे?"

"गप्प बस. सोपं वाटतं ना? मला वर्गात वीस वर्षं लागली. मूल अडखळलं की शब्द नुसता जिभेवर येतो आपल्या. गिळायचा."

बुधवारी सकाळी मुंगी दुधाच्या कपापुढे बसली. "आई, मी दूध पिऊ?"

मी ओठ मिटले आणि पोळपाट पुसत राहिले. तिने तीनदा विचारलं. मग खुर्चीवरून वाकून माझा चेहरा पाहिला आणि हाक मारली, "बाबा, आई बिघडली!"

"आलोच!" आंघोळीतून आवाज आला. ह्याचं 'आलोच' म्हणजे अजून साबणही लागलेला नसतो. 'निघालो' म्हणतो तेव्हा बूट सापडत नसतात. इटालियन माणसाला हा भूतकाळ कुठल्या चौकटीत बसवून दाखवावा?

दूध गार झालं. गुरुवारी पुन्हा तेच, आणि शेवटी मीच कंटाळून म्हणाले, "पी गं बाई, पी." ती एका दमात प्यायली. भूक लागली होती तिला. मला रडू येईना आणि हसूही.

शुक्रवारी ताईंनी पालकांना मैदानाच्या फाटकापाशी उभं राहायला सांगितलं होतं. आत यायचं नाही, बोलवायचं नाही. मैदानात वाळू, दोन झोके आणि लोखंडी शिडीची घसरगुंडी. मुलं भराभर चढत होती. मुंगी शिडीपाशी एका बाजूला उभी राहून सगळ्यांना वाट करून देत होती. ताई वही घेऊन भिंतीशी.

मग शिडी मोकळी झाली. मुंगीने मान वळवून फाटकाकडे पाहिलं.

"आई, मी चढू?"

माझ्या तोंडात सगळ्या चौकटी एकदम आल्या. पडशील. हळू. दोन्ही हातांनी धर. नको. चढ. मी फाटकाच्या गजाला घट्ट धरलं आणि ओठ मिटले, इतके की दात टोचले. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "अहो, विचारतेय ती तुम्हाला." मी त्यांनाही उत्तर दिलं नाही.

मुंगीने पुन्हा विचारलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग शिडीकडे. पायरीला एक बोट लावून पाहिलं. आणि मग कोणालाच न सांगितल्यासारखं, दोन्ही पाय अजून वाळूत असताना, म्हणाली, "मी गेले!"

बापाचीच पोर.

आणि खरंच गेली. पहिली पायरी, दुसरी. तिसरीवर पाय निसटला आणि ती धपकन वाळूत बसली. फाटकाची कडी माझ्या हाताने कधी उघडली मला कळलं नाही. मी ती परत लावली. नीट बसेना, दोनदा लावावी लागली.

मुंगीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग गुडघा वाकवून बारकाईने पाहिला. वाळू झटकली. "मी पडले," तिने जाहीर केलं, शेजारच्या घरची बातमी सांगावी तशी, आणि पुन्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

सुट्टीच्या वेळी ताई फाटकापर्यंत आल्या. "सोमवारी पाण्याची बाटली मोठी द्या," म्हणाल्या. "मोठ्या गटात नळ उंचावर आहे, छोट्यांचा हात पोचत नाही."

"म्हणजे ती..."

"मोठीच बाटली द्या," ताई म्हणाल्या आणि दुसऱ्या आईकडे वळल्या.

दुपारी मुंगी झोपल्यावर मी बेचाळिसावा तक्ता काढला. बाईंनी क्रियापदं हालचालीनुसार लावलीत, त्यामुळे जाण्याच्या मागोमाग पडणं येतं, 'कादेरे'. भीतीच्या अर्थाची ओळ मी सवयीने आधी भरली असती. त्या दिवशी भूतकाळापासून सुरुवात केली. पहिल्या चौकटीत बाईंनी लिहिलं होतं, 'सोनो कादूतो'. पडलो. पुरुषाचं रूप. इटालियनमध्येही बाई पडली की शेवट बदलतो, आपल्यासारखाच.

मी त्यांचा शेवटचा 'ओ' खोडून तिथे 'आ' केला. समोर लिहिलं, 'मी पडले'. बाई पुन्हा लाल गोल करतील. करू देत.