दाढेची चौथी नळी

किडेबुवाचा दरबार एका बंद पडलेल्या सिनेमागृहात भरायचा. रांग पार बाहेरच्या जिन्यापर्यंत. कुणी गाल धरलेला, कुणी तोंडावर रुमाल दाबलेला, एका बाईच्या कडेवर रडून दमलेलं पोर. पडद्याच्या जागी उंच खुर्ची, तिच्यासमोर पाण्याची परात आणि परातीत मधोमध लाल तापलेला लोखंडी ठोकळा. बुवा ठोकळ्यावर चिमूटभर औषध टाकायचा, त्यावर नरसाळं उपडं धरायचा आणि नरसाळ्याचं टोक रोग्याच्या तोंडात द्यायचा. वरून काळं कापड. आत धूर, तडतड, खोकला. कापड काढलं, की पाण्यावर पांढरे, बारीक, वाकडे किडे तरंगत असायचे.

"निघाले बघा भाडेकरू," बुवा म्हणायचा. "डॉक्टर नुसतं दार रंगवतो. घर रिकामं मी करतो."

लोक हसायचे, हात जोडायचे.

माझी ताई त्या खुर्चीत बसली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. परातीतल्या किड्यांकडे बघून तिला रडू फुटलं. "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं," ती म्हणाली.

ताई बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. वरची एक दाढ किडली म्हणून तिने रूट कॅनल करून घेतलं. दाढेच्या मुळांत बारीक नळ्या असतात, त्या साफ करून बुजवल्या. तरी ठणका गेला नाही. डॉक्टर म्हणाले, एक्स-रेत सगळं ठीक आहे. घोषणा करताना तिचा आवाज तुटायचा आणि स्थानकावरचे साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "नस काढल्यावर दाढ दुखेल कशी? मनाचे खेळ आहेत तुमच्या." रात्ररात्र उशीत तोंड खुपसून काढल्यावर ती बुवाकडे गेली होती.

निघताना बुवाने तिला बजावलं, "किड्यांची राणी अजून आत आहे. पुढच्या आठवड्यात ये. तोवर डॉक्टरची एक गोळी जरी पोटात गेली, तरी ती मेंदूकडे सरकेल."

आधी ताईला जरा बरं वाटलं. मग गाल सुजला, सूज डोळ्यापर्यंत चढली, ताप भरला. तोंड उघडेना. पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागे, आणि मी गोळी पुढे केली की ती मान फिरवायची.

"ताई, हा पू आहे. हॉस्पिटलमध्ये चल."

"किडे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "तुझ्या डॉक्टरने मला काय दाखवलं?"

दाराशी आमचे वडील, अण्णा, ऐकत उभे होते. लेकीचा एक डोळा सुजेने मिटलेला होता.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले, "बुवाकडेच जाऊ. पण आधी खुर्चीत मी बसणार. तू फक्त बघायचं."

ताईने होकारार्थी मान हलवली.

तिचा चेहरा बघून रांगेने आपणहून वाट दिली. अण्णा खुर्चीत बसले. बुवाने त्यांच्या तोंडात डोकावल्यासारखं केलं. "आजोबा, डावीकडे तर वारूळच झालंय."

"असेल बुवा. फार ठणकतं."

कापड, धूर, तडतड. परातीत किडेच किडे. "या वयात एवढी वस्ती," बुवा गर्दीला म्हणाला.

अण्णांनी खोकत कापड बाजूला केलं, तोंडात बोटं घातली आणि वरची कवळी काढली. मग खालची. दोन्ही तळहातावर धरून ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "माझ्या तोंडात एकही दात उरलेला नाही. किडे कवळीही खातात का?"

कुणीतरी हसलं. पण बुवा कसलेला होता. "दात गेले म्हणून काय झालं? हिरड्या आहेत ना. किडे तिथे दबा धरून बसतात."

आणि माना डोलायला लागल्या. एवढं करूनही लोक त्याच्याच बाजूला झुकत होते.

तेव्हा ताई उठली. तिने मला परात रिकामी करून स्वच्छ पाणी भरायला खुणावलं. शेगडीतला दुसरा तापलेला ठोकळा मी चिमट्याने मधे ठेवला. बुवा औषधाची डबी उचलायला धावला, पण रांगेतल्या एका हमालाने त्याचा दंड धरला. "राहू दे की. बघू तर."

डबीतलं औषध म्हणजे नुसत्या बारीक बिया होत्या; ताईने त्यांची चिमूट ठोकळ्यावर टाकली. नरसाळं नाही, कापड नाही. बिया तडतडल्या आणि सगळ्यांच्या देखत पांढरे किडे पाण्यात उडाले.

"इथे कुणाचं तोंड आहे?" ताईने जबडा न उघडता विचारलं.

रांगेतले लोक परातीभोवती वाकले. मग ती पोराची आई आमच्यावरच चिडली. "मग आता आम्ही कुठे जायचं?"

"आमच्याबरोबर चल," ताई म्हणाली.

ती आली नाही. पोराला मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली.

हॉस्पिटलमध्ये ताईचा पू काढला, सलाईन लावलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर डोळा गेला असता, कदाचित जीवही. निघताना डबीतल्या थोड्या बिया मी खिशात टाकल्या होत्या, त्या त्यांनी ओळखल्या. एका रानझुडपाच्या. तापल्या की फुटतात आणि आतला पांढरा, वळलेला कोंब बाहेर उडतो. तोच बुवाचा किडा.

सूज उतरल्यावर त्यांनी दाढ पुन्हा उघडली, मोठ्या भिंगाखाली, आणि पडद्यावर एक काळा ठिपका दाखवला.

"या दाढेला मुळं तीन, पण नळ्या पुष्कळदा चार असतात. चौथी केसासारखी बारीक. एक्स-रेत ती दुसऱ्या नळीच्या मागे झाकली जाते. पहिल्या डॉक्टरांना ती सापडली नाही, आणि घाण तिच्यातच राहिली."

"सगळ्यांना असते?" ताईने विचारलं.

"नाही. प्रत्येकाची दाढ वेगळी. म्हणून दरवेळी नव्याने शोधावं लागतं."

चौथी नळी साफ झाली आणि ठणका थांबला. बुवा आता दुसऱ्या गावात बसतो, असं कानावर येतं. तिथेही रांग असणारच, कारण दुखणारा माणूस कुठेही जायला तयार असतो. त्याला हसू नका, त्याच्या दुखण्याला मनाचे खेळ म्हणू नका. आणि तुमचं स्वतःचं दुखत असेल, तर एका डॉक्टरला सापडलं नाही म्हणून दुसऱ्याकडे जा, पुन्हा बघा म्हणून हट्ट धरा. खरं औषध देणाऱ्याला कितीही प्रश्न विचारले तरी त्याचं काही बिघडत नाही. जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या खुर्चीत बसू नका.