जाड वाशाऐवजी दोन

हेवर्डमध्ये रॉयस हॅलडेनचा आवाज त्याच्या ट्रकच्या आधी पोचतो. तिमजली इमारतीचा लाकडी सांगाडा उभा करायचं काम त्याच्याकडं होतं. उद्या सकाळी क्रेन छपराच्या कैच्या चढवणार होती. आज इन्स्पेक्टरनं भूकंपात तग धरणाऱ्या भिंती पास केल्या नाहीत तर क्रेन परत, आणि बिल्डरच्या पुढच्या इमारती मेहुण्याला. कर्टला! ज्याला खिडकी सरळ बसवता येत नाही, असं रॉयस दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्की चावत सगळ्यांदेखत सांगायचा.

प्लायवूडच्या दोन शीट जिथं भेटतात, तिथं नकाशात एक जाड वासा होता. वखारीत नव्हता. इंजिनिअर फोनवर म्हणाला, "दोन पातळ चालतील, पण..." रॉयसनं फोन ठेवला. 'पण' ऐकायला वेळ कुणाला आहे? वासे जोडीनं उभे केले, दोन्ही अंगांनी प्लायवूड ठोकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

इन्स्पेक्टर बालटाझारबाई आल्या.

"जाड वासे कुठायत?"

"बाई, एक मागितला, मी दोन दिले! इंजिनिअरला विचारा."

"विचारलं. दोघांना एकमेकांत खिळे मारलेत?"

"कशाला? प्लाय धरतंय की. जातील कुठं?"

मागं उभ्या मुकादम चुयनं कपाळाला हात लावला.

"एक शीट या वाशावर, दुसरी त्या वाशावर. जमीन हलली की एक वर, एक खाली," बाई म्हणाल्या. "चर्चमध्ये शेजारी बसलं म्हणून लग्न लागत नाही, रॉयस."

"लागलेलं तरी कुठं टिकतं," चुय पुटपुटला.

"तू गप रे! बाई, छपराचं वजन आलं की बसतील दाबून."

बाईंनी भिंतीवर नापासाची लाल चिठ्ठी चिकटवली आणि गेल्या.

मुंगी शिरणार नाही इतके दाट खिळे मारलेत, म्हणून रॉयस मिरवत होता. आता तेच उपटायचे होते. पहिली शीट चिंध्या होऊन निघाली. रॉयसनं जोडीच्या फटीत करंगळी घातली. सहज गेली.

खिशात फोन वाजला.

"दाजी, उद्याची क्रेन मोकळी आहे म्हणे?" कर्ट मधाळ आवाजात बोलत होता. "जाड वासे पडलेत माझ्याकडं. पाठवू? पण..."

या वेळी रॉयसनं फोन शेवटपर्यंत ऐकला.